छापखान्यातली देवी

माय, या उन्हाळ्यात नांदेडला एका डॉक्टरीणबाईंनी मला तुझ्याबद्दल विचारलं. तू गेल्यापासून तुझ्याबद्दल मला कुणी काही विचारलं ते हे पहिल्यांदाच. माझ्या नवऱ्याला तू धड आठवत नव्हतीस, आणि आता तोही नाही. पोरानं तर तुला पाहिलेलंच नाही. तो पुण्याला कंपनीत असतो, रविवारी फोन करतो, ‘जेवलीस का’ म्हणतो, मी ‘जेवले’ म्हणते, की संपलं. त्यामुळं तुझा विषय निघाला तेव्हा मी हात मागं ओढून घेतला. बाईंना वाटलं मी सुईला घाबरले.

त्याचं असं झालं. दोनेक वर्षांपासून माझ्या हाताची बोटं माझी राहिली नव्हती. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग मुंग्याही गेल्या आणि बोटं उगीच हाताला लावून दिल्यासारखी झाली. ब्लाउजचा हूक लागला की नाही ते आरशात बघून ठरवायचं. तव्याला बोट चिकटलं तर आधी वास यायचा, मग कळायचं. पायांचंही तेच. एकदा मंडईतून येताना मागून भाजीवाला ओरडत आला, “ओ मावशी, एक चप्पल हितंच सोडून चालल्या की!” खाली बघते तर खरंच एक पाय अनवाणी. तो हसला, मीही हसले, आणि घरी येऊन दार लावून रडले. दार लावायची तशी गरज नव्हती म्हणा, ऐकायला होतं कोण! हिंगोलीतल्या डॉक्टरांनी शुगर बघितली, ती निघाली नाही. व्हिटॅमिनची इंजेक्शनं दिली, ती घेतली. एकानं तर ‘आता वय झालं मावशी’ एवढंच सांगितलं आणि त्याचीही फी घेतली. शेवटी शेजारणीच्या भावानं नांदेडचा पत्ता दिला.

या बाई माझ्या पोराच्या वयाच्या. त्यांनी हातापायाला तारा लावून बारीक बारीक शॉक दिले, टाचणी टोचून ‘इथं लागतंय का’ विचारलं, आणि मग आजवर एकाही डॉक्टरनं विचारलं नव्हतं ते विचारलं. तुम्ही काम काय करता? मी म्हटलं, छापखान्यात आहे. छापखान्यात नेमकं काय? मी म्हटलं, मशीन धुते. रंग बदलायचा असला की ऑफसेटच्या रोलरवरची आणि रबरी ब्लँकेटवरची जुनी शाई थिनरनं, पेट्रोलनं पुसून काढायची. लग्नसराईत लाल झाला की पिवळा, पिवळा झाला की परत लाल, दिवसभर तेच. हातमोजे? नाहीत. खिडक्या? काचा ठोकून बंद केल्यात, धूळ छपाईवर बसते म्हणून. आणि सुटताना हात कशानं धुता? मी म्हटलं, त्याच थिनरनं, साबणानं शाई कुठं निघते? बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का? काही आजार रक्तातून येतात, ते आधी बघावं लागतं. मला एवढं समजलं की रक्तातलं असेल तर काम सोडून उपयोग नाही, आणि कामातलं असेल तर काम सोडल्यावाचून हात राहणार नाहीत. “तुमच्या आईला काय होतं?” त्यांनी विचारलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “माझ्या मायच्या अंगात देवी यायची.”

तुझा तो छापखाना आता राहिला नाही. तिथं कापडाचं दुकान झालंय, दारात बाहुल्या उभ्या असतात साड्या नेसून. पण मी त्या रस्त्यानं गेले की मला आतली तुझी बसायची जागाच दिसते. बाप गेल्यावर सेनगावकडच्या खेड्यातनं तू मला घेऊन इथं हिंगोलीला आलीस. शेळ्या दिराच्या दावणीला राहिल्या, आणि तू म्हणालीस, उन्हात खुरपण्यापरीस सावलीतलं काम बरं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असंच असतं, जाताना कुणाला कळत नाही. एक-एक अक्षराचे शिशाचे खिळे जुळवून छापायचे दिवस होते ते. छापून झालं की शाईनं बरबटलेले खिळे ब्रशनं पेट्रोल लावून धुवायचे आणि परत आपापल्या खणात टाकायचे, हे तुझं काम. शाळा सुटली की मी कागदाच्या गठ्ठ्यावर येऊन बसते आहे, तू मान वर न करता विचारते आहेस, “डबा खाल्ला का समदा?” सुटायची वेळ झाली की तू वाटीभर पेट्रोल घेऊन हात धुतेस, कोपरापर्यंत, नखांच्या कडा फडक्यानं पुसतेस आणि तळवे उजेडात धरून बघतेस. छापखान्यातली बाई घाण, असं गल्लीत कुणी म्हणू नये म्हणून तुझी केवढी धडपड. त्याच हातांनी घरी येऊन पीठ मळायचीस. तुझ्या भाकरीला एक वास असायचा. तो भाकरीचाच वास आहे असं मला लग्न होईस्तोवर वाटत होतं.

आता खंडेनवमीचं सांगते. तुला तिथलं काही आठवत नव्हतं, तू स्वतःच म्हणाली होतीस. खंडेनवमीला हत्यारांची, मशीनची पूजा, आणि पूजा म्हणजे आधी धुणं. वर्षभराचा मळ त्या एका दिवशी निघायचा. सगळ्या खणांतले खिळे बाहेर काढून, मोठ्या परातीत पेट्रोल ओतून त्यात भिजत घालायचे, घासायचे, फडक्यावर वाळवायचे. मागच्या खोलीत तुम्ही तीन बाया. खोलीला खिडकी एकच, तिलाही कागद उडतात म्हणून फळी मारलेली. रस्त्यावर दसऱ्याच्या प्रदर्शनाला निघालेली खेड्यापाड्यांतली गर्दी, तिची धूळ नको म्हणून दारही ओढून घेतलेलं. त्यात तुझे नवरात्राचे उपास, नऊ दिवस कपभर दुधावर. मी उंबऱ्यात बसून झेंडूच्या माळा ओवते आहे. आतून हसू ऐकू येतं. तू कधी हसत नसायचीस, म्हणून मी दार ढकलून बघते. तुझी मान डोलते आहे, अंबाडा सुटलाय, परातीवरचे हात वर गेलेत आणि डोळे भलतीकडंच लागलेत. शेजारची बाई ओरडते, “आली गं आली, माहूरची माय आली!” दुसरी कुंकवाचा करंडा आणायला पळते. मालक धोतराचा सोगा सावरत येतात आणि तुझ्यापुढं हात जोडून उभे राहतात. कुणीतरी निरांजन लावायला जातं तेव्हा मशीनवाला मात्र जीव खाऊन ओरडतो, “दिवा न्हाई! दिवा न्हाई! पेट्रोल हाय इथं!” पेट्रोल पेटतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते माणसाला चढतं हे कुणाला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असूनही त्या दिवशी कुणाला आठवलं नाही.

“माय, काही चुकलं का लेकराचं?” मालक विचारतात. आणि तू, त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी, म्हणतेस, “बाया उपाशी, अन् तू पेढे खाऊन राहिला? पान्याला तरी इचारलं का कोनाला?” मालकांनी स्वतःच्या हातानं तांब्या आणून तुला पाणी पाजलं, माय. मग तू मला जवळ ओढलंस. मी भ्यालेली, हातातली माळ तशीच. “भिऊ नको लेकरा, मी हाय ना तुझ्यापाशी,” असं म्हणत माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिलीस. एरवी तू मला कधी जवळ घेतलं नाहीस. माया नव्हती असं नाही, उपाशी कधी झोपू दिलं नाहीस. पण अंगावरून हात फिरवणं तुझ्यात नव्हतं, आणि तेवढी सवडही नव्हती तुला. त्यामुळं पोरं दिवाळीची वाट बघायची आणि मी खंडेनवमीची. पुढच्या वर्षी देवी परत आली, त्याच्या पुढच्या वर्षीही आली. गल्लीतल्या बायका नारळ घेऊन छापखान्याच्या दारात थांबायला लागल्या, मालकांच्या घरून तुला लुगडं यायचं. दसऱ्याच्या दिवशी तू डोकं करकचून बांधून, ओकाऱ्या काढत पडून असायचीस. तेव्हा शेजारणी म्हणायच्या, देवीचा भार म्हणजे काय साधी गोष्ट आहे का.

एकदा मी तुझी नक्कल केली होती, आठवतं? चुलीपुढं केस मोकळे सोडून, मान डोलवत, “बाया उपाशी, अन् तू पेढे खाऊन राहिला” असं घोगऱ्या आवाजात. मला वाटलं तुला हसू येईल. तू फुंकणी टाकून उठलीस आणि माझ्या मुस्काटात दिलीस. “देवीची टवाळी करून राहिली? जीभ झडंल तुझी!” मी कोपऱ्यात जाऊन मुसमुसत बसले. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता, तू म्हणालीस, “मला त्यातलं कायबी ध्यानात ऱ्हात न्हाई. पर सालातून एक दिस मालक मला माय म्हनतो. तेवढं तरी ऱ्हाऊ दे.” मी गाल चोळत ऐकलं, आणि भूक लागली म्हणून जेवायला बसले.

पुढं तुझ्या हातातून भांडी पडायला लागली. सुईत दोरा जाईना. पोटात पीळ पडून तू रात्ररात्र गुडघे छातीशी घेऊन पडायचीस. वैद्य म्हणाला वात आहे. गल्लीतल्या एका जाणत्या म्हातारीनं विचारून विचारून तुझ्याकडून काढून घेतलं की एका नवरात्रात तू विसरून भाकरीचा तुकडा तोंडात टाकला होतास. मग काय, देवीचा कोप ठरला. तू मंगळवार-शुक्रवारचे उपास वाढवलेस आणि तशीच उपाशीपोटी कामाला जात राहिलीस. कॉम्प्युटर आले, खिळ्यांचा छापखाना बंद पडला, तोवर तुला पेलाही धरता येत नव्हता. मी सासरहून येऊन तुला भरवायचे. तू दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडं बघत बसायचीस आणि म्हणायचीस, “माझे हात देवीनं नेले.” तू गेलीस तेव्हा लोक म्हणाले, पुण्यवान होती, देवीचं माणूस. मीही मान हलवली. नंतर माझा नवरा आजारी पडला आणि मला काम शोधायची वेळ आली, तेव्हा मालकांच्या पोरानं, म्हणजे आताच्या छोट्या मालकांनी, बसस्टँडकडं ऑफसेटची मशीन टाकलेली होती. मी कोण हे कळल्याबरोबर त्यानं कामावर घेतलं. देवीवाल्या बाईची लेक मशीनजवळ असलेली बरी, असं त्याला वाटलं असावं.

अंगात देवी यायची म्हटल्यावर डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “देवी कधी यायची?” मी म्हटलं, खंडेनवमीला. “कुठं?” छापखान्यात. “घरी यायची का कधी?” नाही. “देवळात?” मला माहूर आठवलं. आपण एकदा गेलो होतो ना, नवरात्रातच, ट्रकमधून. गडावर कुठं बघावं तिथं बाया घुमत होत्या, केस सोडून, हलगीच्या तालावर. आणि तू माझं मनगट गच्च धरून, पदर सावरून, चपला कुठं ठेवल्या ते शोधत होतीस. खुद्द देवीच्या दारात देवी तुझ्या अंगात आली नाही. मी बाईंना म्हटलं, “न्हाई. फक्त छापखान्यात.” त्या हळूच म्हणाल्या की गेलेल्या माणसाबद्दल त्या शपथेवर सांगू शकत नाहीत. पण बंद खोलीत, उपाशीपोटी, पेट्रोलच्या वाफेनं माणूस असाच झिंगतो, हसतो, बडबडतो, आणि नंतर त्याला आठवत नाही. वर्षानुवर्षं तेच अंगात जात राहिलं तर हातापायाच्या नसा मरतात. पोटातला पीळ त्या शिशाचाही असू शकतो. “तुमच्याकडं हे रक्तातून आलेलं दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “कामातून आलंय. तुम्हालाही, आणि बहुतेक त्यांनाही.” धुण्याचं काम आजपासून बंद करायचं, मग हात हळूहळू परत येतील, पूर्ण नाही आले तरी कामापुरते येतील.

मला आनंद व्हायला हवा होता. एसटीत बसल्यावर मला राग आला, आणि तोही त्या बाईंचाच. एवढ्याशा पोरीनं टाचणी टोचून माझ्या मायची देवी काढून घेतली! वारंगा फाट्याला गाडी थांबली, माणसं चहाला उतरली, मी खिडकीशी तशीच बसून राहिले. मालकांनी तुला पाणी पाजलं ते पेट्रोलला पाजलं का? बायकांनी नारळ वाहिले ते कुणाला? हे सगळं एक वेळ सोडून दिलं असतं. पण माझ्या डोक्यावरून हात फिरवला तो कुणी? ‘मी हाय ना तुझ्यापाशी’ हे मला कोण म्हणालं? आयुष्यभर मी ते वाक्य पुरवून पुरवून वापरलं, नवरा गेला तेव्हा, पोरगा पुण्याला गेला तेव्हा. ते वाक्य नशेत निघालेलं होतं असं कुणी सांगितलं तर माणसानं काय करायचं? आणि तुला संशय आला होता का गं? ‘तेवढं तरी ऱ्हाऊ दे’ म्हणालीस ते माहीत असून म्हणालीस का? सांगू शकेल असं कुणी उरलं नाही. तुझ्याबरोबरच्या त्या दोघीही कधीच गेल्या.

काम मी सोडलं, म्हणजे धुण्याचं. छोट्या मालकांनी मला पुढच्या खोलीत पत्रिकांना घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. आधी बोटं आणखीच बधिर झाली, तसं होईल हे बाईंनी सांगून ठेवलं होतं. मग महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला मोहरी निवडत होते आणि बोटांखाली काहीतरी टोचलं. मोहरीचे दाणे. एक-एक वेगळा. मी ताट बाजूला ठेवलं, परत जवळ घेतलं, परत चिमूट भरून बघितली. एवढी मोठी गोष्ट घडली आणि घरात मी आणि दोन मुखवटे. पोराला फोन लावला तर तो म्हणाला, “बरं झालं ना मग, मी मीटिंगमध्ये आहे.” त्याचा काय दोष? मोहरी हाताला लागली हे सांगायला आईला फोन करतात, पोराला नव्हे.

मी सोडलं तरी काम काही सुटत नाही, ते दुसऱ्या हातात जातं. माझ्या जागी नरसीकडून शेअर रिक्षानं येणारी एक बाई लागली, पंचविशीतली, दोन लेकरांची आई. ती पण सुटताना थिनरनं हात धुते आणि मला दाखवते, “बघा मावशी, कसे चकाचक!” मी तिला सांगून बघितलं. ती म्हणाली, “मावशी, तुमचं वय झालं म्हणून तुमाला तकलीफ झाली. मला काय हुतंय?” छोट्या मालकांना म्हटलं, खिडक्या उघडा, पंखा बसवा, हातमोजे आणा. हातमोजे आणले त्यांनी, ते थिनरमध्ये फुगून पापडासारखे झाले. हवा बाहेर फेकायचा पंखा आणला, तो खोक्यातच राहिला. मी पुन्हा म्हटलं तर वैतागले, “मावशी, वडलांपासून हेच चालून राहिलंय, कुनाला काय झालं सांगा बरं?” मी म्हटलं, “माझ्या मायला झालं.” तर म्हणतात, “त्यांच्या अंगात तर देवी यायची,” आणि त्यांनी चक्क हात जोडले.

या वर्षीची खंडेनवमी म्हणजे गेल्या आठवड्यातली. त्या बाईचेही नऊ दिवसांचे उपास. आतल्या खोलीत काचा बंद, मशीन सगळी खोललेली, थिनरचे डबे उघडे, आणि बाकीच्या बाया बाहेर पूजेची तयारी करायला आलेल्या. ती एकटीच आत. मी पुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होते. आतून हसू आलं. माय, इतक्या वर्षांनी तेच हसू, कारण नसलेलं. मी धावले. तिच्या काखेत हात घालून तिला फरफटत बाहेर ओट्यावर आणलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. बाया करंडा घेऊन आल्याच होत्या. “मावशी, काय करून राहिल्या! देवीला हात लावू नका, कोप व्हईल!” छोटे मालक हात जोडून उभे. मी ओरडले, आजवर त्या छापखान्यात कधी ओरडले नव्हते, “देवी न्हाई ती! थिनर चढलंय तिला! काहून मारून राहिले तुमी पोरीला?” कुणी हलेना. मग मी आत गेले, पूजेला मांडलेला हळद-कुंकू लावलेला मोठा पाना उचलला आणि खिडकीच्या काचेवर घातला. दोन तावदानं खाली आली. पान्याचा गारवा मला तळहातात चांगला जाणवला.

आता छापखान्यातल्या बाया माझ्याशी बोलत नाहीत. पूजेचा पाना काचेवर घातला म्हणजे मी कोण, हे त्यांनी ठरवून टाकलंय. ती पोरगी तर जास्तच रुसली. परवा डबा खाताना तिनं तोंड उघडलं, “मालक माझ्या पाया पडायला आले हुते, मावशी. तुमी मदीच काहून आल्या?” मी म्हटलं, “भाकरी खा, उपास करू नको.” एक मात्र झालं, काच नवी बसवायला पैसे कोण घालणार म्हणून छोट्या मालकांनी खोक्यातला पंखा त्या भोकात बसवला. खडखड आवाज करतो, पण वास ओढतो. धूळही येते थोडी, येऊ दे.

हे सगळं लिहिलं ते कुठं धाडायचं नाही, ते कळतं मला. पेन धरता येऊन राहिलंय, म्हणून धरलं. आणि एक गोष्ट अशी आहे की ती दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही. हसू ऐकलं तशी मी धावले, असं मी सगळ्यांना सांगते, डॉक्टरीणबाईंनाही फोनवर तेच सांगितलं, त्यांनी शाबासकी दिली. धावले मी खरंच. पण आत गेल्यावर ती डोलत होती, केस सुटले होते, डोळे तसेच भलतीकडं लागलेले. ते थिनर आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, माझ्याच नाकात ते जाऊन राहिलं होतं. तरी मी आधी माझ्यामागं दार ओढून घेतलं, बाहेरच्या कुणी मध्ये बोलू नये म्हणून. तिच्यापुढं फरशीवर बसले आणि विचारलं, “माय, तू हायस का?” आणि थांबले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. तिची मान हळूहळू माझ्याकडं वळली, ओठ हलले, आणि ती म्हणाली, “मावशी, मला लई मळमळून राहिलंय.” तेव्हा मी तिला उचललं.